उथळ समुद्रातील पारध

समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अथांग निळे पाणी आणि किनाऱ्यावर येऊन फुटणाऱ्या लाटा उभ्या राहतात. कोकणात राहणाऱ्या मुलांना तर समुद्राची ओळख अधिक जवळची असते. पहाटे होड्या पाण्यात लोटल्या जातात, पुळणीवर रापण ओढली जाते, खाडीच्या काठी एखादा म्हातारा गळ टाकून स्वस्थ बसलेला दिसतो, हे सारे त्यांनी पाहिलेले असते. परंतु जगात असेही समुद्र आहेत की, किनाऱ्यापासून कितीतरी अंतर पाण्यातून चालत गेले, तरी पाणी गुडघ्याच्या वर चढत नाही. तळाची पांढरी वाळू स्वच्छ दिसते, तिच्यावरून धावणारा खेकडा दिसतो आणि आपल्या स्वतःच्या सावलीचीही सोबत असते. अशाच एका समुद्राची, त्यात वावरणाऱ्या एका चपळ माशाची आणि त्या माशाला धरून पुन्हा सोडून देणाऱ्या माणसांची ही हकिकत आहे.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा या राज्याच्या आग्नेयेस अटलांटिक महासागरात बहामा नावाचा द्वीपसमूह पसरला आहे. त्यात लहानमोठी सुमारे ७०० बेटे आहेत. पण मनुष्यवस्ती आहे ती मोजक्याच बेटांवर. १४९२ साली कोलंबस अटलांटिक ओलांडून प्रथम ज्या भूमीवर उतरला, ती याच बेटांपैकी एक होती. पुढे दीर्घकाळ इंग्रजांच्या अमलाखाली राहून १० जुलै १९७३ रोजी बहामा स्वतंत्र झाला. या समूहातील सर्वांत मोठे बेट म्हणजे अँड्रॉस. त्याच्या पूर्वेस समुद्राला एकदम हजार मीटरहूनही अधिक खोली आहे. उलट पश्चिमेस मैलोगणती पसरलेली उथळ सपाटी आहे. एकाच बेटाच्या दोन बाजूंना समुद्राची अशी दोन रूपे पाहावयास मिळतात.

ही सपाटी आली कोठून? बहामाची बेटे चुनखडीची आहेत. उबदार, उथळ पाण्यात चुन्याचे सूक्ष्म कण साचत राहतात, शंखशिंपल्यांचा चुरा त्यांत मिसळतो आणि लक्षावधी वर्षांत त्यांचे थरांवर थर चढून पाण्याखाली विस्तीर्ण पठारे तयार होतात. हिमयुगात पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने अडकून पडले होते, तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि ही पठारे कोरडी जमीन होती. बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि पठारांवर पाण्याचा पातळ थर पसरला. तेथील भरती-ओहोटीत फरक पडतो तो जेमतेम एक मीटरचा. परंतु जेथे पाणीच घोट्यापर्यंत असते, तेथे एक मीटर म्हणजे केवढी उलथापालथ! ओहोटीला जी जागा उघडी पडते, तीच भरतीला माशांचे भोजनगृह बनते.

या भोजनगृहातला मानाचा पाहुणा म्हणजे बोनफिश. त्याच्या नावाचा अर्थ काटेरी मासा असा होतो. आपल्याकडच्या पाल्याप्रमाणे त्याच्या अंगात बारीक काटे पुष्कळ असतात, म्हणून हे नाव पडले. साधारण बोनफिश एक ते तीन किलो वजनाचा असतो. साडेचार किलोंचा मिळाला, तर तो मोठा समजला जातो. त्याचे अंग निमुळते आणि पाठ किंचित हिरवट असून कुशीवरचे खवले आरशासारखे चकचकीत असतात. या आरशांत भोवतालचे पाणी आणि खालची वाळू यांचेच प्रतिबिंब पडते. त्यामुळे मासा डोळ्यांसमोरून जात असूनही दिसत नाही. पुष्कळदा त्याची सावली तेवढी वाळूवरून सरकताना दिसते. ज्याला लपण्यासाठी ना दगड, ना झुडूप, त्याला निसर्गाने हे आरशांचे चिलखत दिले आहे.

बोनफिशचे तोंड खालच्या बाजूस असते, कारण त्याचे अन्न तळाशी असते. कोळंबी, लहान खेकडे, शिंपले, वाळूतले किडे हे त्याचे खाद्य. तो तोंडातून पाण्याचा झोत सोडून वाळू उडवितो आणि दडलेला जीव बाहेर आला की गट्ट करतो. त्याच्या तोंडात व घशात खड्यांसारखे दात असतात; त्यांनी तो शिंपल्याचे कवचही भरडून टाकतो. फारच उथळ पाण्यात तो असा डोके खाली घालून चरू लागला, म्हणजे त्याची शेपटी पाण्याबाहेर येते आणि उन्हात रुपेरी पात्यासारखी चमकते. दहावीस मासे एकाच वेळी चरत असले, तर स्थिर पाण्यावर जणू रुप्याच्या छोट्या पताकाच हलताना दिसतात.

पण मुलांनो, उथळ पाण्यात अन्न मुबलक असले, तरी तेथे भयही तेवढेच असते. वर आकाशात शिकारी पक्षी, मागे बॅराकुडा नावाचा लांब जबड्याचा मासा आणि भोवती लहान शार्क. म्हणून बोनफिश अत्यंत सावध असतो. होडीच्या तळावर वल्हे आपटले, पाण्यावर पक्ष्याची छाया पडली किंवा माणसाने पाऊल जोरात टाकले, तरी तो क्षणार्धात दिसेनासा होतो. त्याच्या या सावधपणामुळेच त्याला गळाने धरणे ही मोठ्या कौशल्याची गोष्ट मानली जाते. त्यासाठी देशोदेशीचे लोक हजारो कोसांवरून बहामाला जातात.

त्यांची मासे धरण्याची रीत आपल्या नेहमीच्या रीतीहून निराळी आहे. आपण गळाला आमिष लावतो, दोरीला शिशाचा तुकडा बांधतो आणि तो भिरकावतो. शिसे पुढे जाते आणि दोरीला मागे ओढून नेते. गोफणीतला दगड दूर जातो तो त्याच्या स्वतःच्या वजनामुळे, शिशाचेही तसेच. परंतु या दुसऱ्या रीतीत गळावर खरे आमिष नसते. गळाभोवती पिसे, केस आणि दोरे गुंडाळून कोळंबीसारखा किंवा लहान माशासारखा दिसणारा एक चिमुकला पुतळा तयार करतात. प्रथम नदीच्या गोड्या पाण्यात माशीसारखे दिसणारे असे गळ वापरीत, म्हणून या खेळाला इंग्रजीत 'फ्लाय फिशिंग' म्हणजे माशीने मासे धरणे असे नाव मिळाले. समुद्रात माशीची कोळंबी झाली, तरी नाव मात्र तेच राहिले.

आता ही माशी पिसासारखी हलकी. ती वीस मीटरांवर फेकावी कशी? पीस हातात घेऊन कितीही जोराने फेकले, तरी ते पायांपाशीच पडणार. येथे युक्ती अशी की, वजन माशीत नसते, तर दोरीत असते. ही दोरी जाड, जड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. गाडीवान आसूड फिरवितो तेव्हा काय होते, ते आठवा. मुठीने दिलेली गती वादीच्या जाड भागातून बारीक भागाकडे धावत जाते आणि शेवटी टोकाशी पोहोचते. मासे धरणारा आपली सुमारे पावणेतीन मीटर लांबीची लवचिक काठी अशीच मागे-पुढे हलवितो. दोरी हवेत आधी पाठीमागे सरळ होते, मग पुढे उलगडत जाते आणि टोकाशी असलेल्या पारदर्शक बारीक तंतूला बांधलेली माशी अलगद पाण्यावर उतरते. गोफण आणि आसूड यांत जो भेद, तोच या दोन रीतींत आहे. आणि या कामी बळापेक्षा वेळ साधण्याला अधिक महत्त्व आहे. दोरी मागे पुरती सरळ होण्यापूर्वीच जो घाई करील, त्याची दोरी त्याच्याच भोवती गुंडाळली जाईल.

हा खेळ नद्यांत फार जुना आहे. परंतु खाऱ्या पाण्यात तो रुजला तो विसाव्या शतकात. १९४७ साली जो ब्रुक्स या अमेरिकन गृहस्थांनी फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील बेटांत जिमी ऑलब्राइट या वाटाड्याच्या साहाय्याने केवळ माशीच्या जोरावर बोनफिश धरून दाखविले आणि पुढे १९५० मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिले. त्यानंतर ही आवड झपाट्याने पसरली. माशी तयार करण्याच्या कलेतही नवे नवे शोध लागले. १९७७ च्या सुमारास बॉब नॉहाइम या कॅलिफोर्नियाच्या गृहस्थांनी अँड्रॉस बेटावर एक माशी तयार केली. तिला चार्ली स्मिथ या तेथील नामांकित वाटाड्याचे नाव मिळाले आणि आज ती 'क्रेझी चार्ली' म्हणून जगभर ओळखली जाते. तिला डोळे म्हणून धातूच्या मण्यांच्या साखळीतले दोन मणी लावतात. हे मणी केवळ शोभेचे नव्हेत. त्यांच्या वजनाने माशी पाण्यात उलटी होते आणि गळाचे टोक वर राहते; त्यामुळे तळाशी ओढताना ते वाळूत किंवा गवतात अडकत नाही. दोन मण्यांनी केवढे काम साधले पाहा!

तथापि उत्तम काठी आणि उत्तम माशी हाती असूनही नवख्या माणसाला बोनफिश सापडेलच असे नाही. कारण त्याला तो दिसतच नाही. तेथे गरज लागते ती वाटाड्याची. होडीच्या मागच्या बाजूस एक उंच मचाण असते. त्यावर उभा राहून वाटाड्या लांब काठीने तळ रेटीत होडी चालवितो. यंत्राचा आवाज माशाला पळवून लावील, म्हणून यंत्र बंद असते. पाण्यावरची चकाकी कमी करणारा विशेष चष्मा त्याच्या डोळ्यांवर असतो. पण खरा चष्मा असतो तो त्याच्या अनुभवाचा. लाटेची एखादी वेगळी थरथर, वाळूवरून सरकणारी सावली, पाण्यात उठलेला गढूळपणाचा ढग, यांवरून मासे कोठे आहेत आणि कोणीकडे निघाले आहेत, हे तो ओळखतो. मग हलक्या आवाजात तो सांगतो, "अकरा वाजता, पंधरा मीटर." हे घड्याळातले अकरा नव्हेत. होडीचे नाक म्हणजे बारा वाजता, उजवा हात म्हणजे तीन आणि डावा हात म्हणजे नऊ, अशी ही दिशा सांगण्याची खूण आहे.

अशा वेळी पुढे उभ्या असलेल्या माणसाची खरी कसोटी लागते. माशी माशाच्या डोक्यावर पडली, तर तो बुजतो. फार दूर पडली, तर त्याला दिसत नाही. ती त्याच्या वाटेवर, एकदोन मीटर पुढे पडावी लागते. मग ती तळाशी जाऊ द्यावयाची आणि दोरी हाताने थोडी थोडी ओढून घाबरलेल्या कोळंबीसारखी तिला हालवावयाची. मासा मागे लागतो, थांबतो, पुन्हा पुढे येतो, डोके खाली करतो. या क्षणी काठी वर उचलण्याचा मोह होतो आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. काठी उचलली की माशी माशाच्या तोंडापुढून निघून जाते. दोरीच सरळ रेषेत ओढावी लागते. गळ लागला की बोनफिश खोल पाण्याच्या दिशेने जी धाव घेतो, तीत काठीच्या रिळावरची शंभर मीटर दोरी पाहता पाहता निघून जाते. इतक्या लहान माशाच्या अंगी एवढे बळ असेल, यावर प्रथम पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

आणि एवढा खटाटोप करून धरलेल्या माशाचे शेवटी काय करतात? त्याला सोडून देतात. हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. कोणी म्हणेल, सोडावयाचाच होता तर धरला कशाला? हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. माशाला इजा होते, तो थकतो, भितो. केवळ माणसाच्या करमणुकीसाठी त्याला हा त्रास का द्यावा, असे विचारणारे लोक त्या देशांतही आहेत. शास्त्रज्ञांनी या प्रश्नाची कसून तपासणी केली. बहामात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, सोडल्यावर ज्या बोनफिशचा तोल जातो आणि जो आडवा पडतो, तो शार्क-बॅराकुडांच्या तोंडी पडण्याचा संभव तोल न गेलेल्या माशापेक्षा सहा पटींहून अधिक असतो. म्हणजे मासा सोडून दिला एवढ्याने धरणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. तो कसा सोडला, यावर त्याचे जगणे अवलंबून आहे.

म्हणून जाणते लोक काही नियम काटेकोरपणे पाळतात. गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकावा, म्हणजे तो सहज निघतो. माशाला थकून जाईपर्यंत झुंजवीत ठेवू नये. कोरड्या हातांनी त्याला धरू नये, कारण त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढूच नये. काढलाच तर काही क्षणांतच परत पाण्यात ठेवावा. जवळपास शार्क दिसले, तर मासेमारी थांबवून दुसरीकडे जावे. आणि माशाला स्वतःचा तोल सावरता येईपर्यंत त्याला हळुवार आधार द्यावा. हे नियम पाळूनही काही मासे दगावतात. परंतु न पाळल्यास पुष्कळ दगावतात. खेळाची मौज हवी असेल, तर खेळाचा संयमही अंगी बाणविला पाहिजे, हा धडा त्यांना या माशानेच शिकविला.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. बहामातील लोक पूर्वीपासून बोनफिश खात आले आहेत. परंतु एक मासा म्हणजे एका घरचे एक वेळचे कालवण. तोच मासा जिवंत राहिला, तर पुनःपुन्हा पाहुण्यांना बोलावून आणतो. पाहुणा आला की वाटाड्याला रोजगार मिळतो, खानावळ चालते, होड्या बांधणाऱ्या सुताराला काम मिळते. २०१० च्या एका पाहणीप्रमाणे या उथळ पाण्यातील मासेमारीमुळे बहामाला वर्षाकाठी सुमारे १४ कोटी डॉलरांचा लाभ होत होता. विशेष म्हणजे हा पैसा मोठ्या शहरांबरोबर दूरच्या लहान लहान बेटांवरही पोहोचतो, जेथे दुसरे काम सहसा मिळत नाही. म्हणून तेथे जाळ्याने बोनफिश धरण्यास आणि त्याची खरेदी-विक्री करण्यास कायद्याने बंदी आहे. बेलीझ या मध्य अमेरिकेतील देशाने २००९ मध्ये आणि फ्लॉरिडा राज्याने २०१३ मध्ये बोनफिश धरल्यास तो सोडलाच पाहिजे, असा नियम केला. बहामानेही २०१७ मध्ये परदेशी हौशी लोकांसाठी परवान्याची पद्धत सुरू केली.

परंतु मासा न मारणे एवढ्याने तो जगतोच असे नाही. त्याचे घरही टिकले पाहिजे. बोनफिशचे घर कोणते, हे शोधून काढणे सोपे नव्हते. संशोधक आणि वाटाडे यांनी हजारो माशांना बारीक खुणेच्या चिठ्ठ्या लावून सोडले आणि ते पुन्हा कोठे सापडतात, याची नोंद ठेवली. बहुतेक मासे वर्षभर एका लहानशा भागातच राहतात, असे दिसले. मात्र हिवाळ्याच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत तेच मासे कित्येक किलोमीटरांची वाट चालून ठराविक जागी गोळा होतात. काहींनी तर पन्नासाहून अधिक किलोमीटरांचा प्रवास केलेला आढळला. तेथे हजारोंचा मेळा जमतो. ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि रात्र पडताच खोल समुद्राकडे निघतात. आयुष्यभर गुडघाभर पाण्यात वावरणारा हा मासा अंडी घालण्यासाठी शंभर मीटरांहूनही खोल बुडी मारतो!

अंड्यांतून निघालेली पिले आईबापांसारखी मुळीच दिसत नाहीत. ती काचेसारखी पारदर्शक आणि पानासारखी चपटी असतात. सुमारे दीड ते अडीच महिने ती समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत राहतात. मग किनाऱ्याजवळ आली की त्यांच्यात एक अजब फेरफार होतो. वाढण्याऐवजी ती प्रथम आखडतात, लहान होतात आणि मग खऱ्या माशाचे रूप धारण करतात. म्हणजे बोनफिशला चरण्यासाठी उथळ सपाटी हवी, जमण्यासाठी शांत उपसागर हवा, अंडी घालण्यासाठी खोल समुद्र हवा आणि पिलांसाठी सुरक्षित किनारा हवा. या साखळीतील एकही दुवा तुटला, तर मासा संपला. खुणेच्या चिठ्ठ्यांतून मिळालेल्या या माहितीचा मोठा उपयोग झाला. २०१५ साली बहामा सरकारने अबाको व ग्रँड बहामा या बेटांवर नवी राष्ट्रीय उद्याने जाहीर केली आणि त्यांत बोनफिशच्या चरण्याच्या व जमण्याच्या महत्त्वाच्या जागांना संरक्षण मिळाले.

या उथळ पाण्याच्या काठाने कांदळवने वाढतात. त्यांची मुळे कमानीसारखी पाण्यात उतरलेली असतात. त्या मुळांच्या जाळीत लहान मासे, खेकडे, कोळंब्या आसरा घेतात. गळून पडलेली पाने कुजून असंख्य सूक्ष्म जीवांचे अन्न होतात आणि तेच अन्न पुढे सपाटीवर चरणाऱ्या माशांपर्यंत पोहोचते. या वनांतील शांतता मोठी विलक्षण असते. बहामातील बिमिनी बेटावर अँसिल साँडर्स नावाचे होडी बांधणारे कारागीर आणि बोनफिशचे निष्णात वाटाडे होते. १९६४ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर नेते मार्टिन ल्यूथर किंग बिमिनीला आले, तेव्हा साँडर्स त्यांना आपल्या होडीतून कांदळवनात घेऊन गेले. गळ टाकण्यासाठी नव्हे, तर शांतपणे विचार करता यावा म्हणून. त्याच वर्षी मिळालेल्या नोबेल शांतता पारितोषिकाच्या भाषणाची जुळवाजुळव किंग यांनी बिमिनीत केली. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करण्यासाठी १९५९ साली भारतात येऊन गेलेल्या या पुरुषाला त्या खाऱ्या पाण्यातील झाडांच्या सावलीत निवांतपणा लाभला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१ सप्टेंबर २०१९ रोजी डोरियन नावाचे प्रचंड चक्रीवादळ अबाको बेटावर आदळले आणि तेथून सरकून ग्रँड बहामावर एक दिवसाहून अधिक काळ घोंघावत राहिले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. अनेक माणसे प्राणांस मुकली, गावेच्या गावे भुईसपाट झाली. वाटाड्यांच्या होड्या गेल्या, घरे गेली. आणि कांदळवनांचा फार मोठा भाग करपून, मोडून, नागडा होऊन उभा राहिला. ज्या झाडांनी आजवर लाटांचा मारा स्वतःच्या अंगावर झेलला, तीच या वेळी आडवी झाली. माणसांची घरे उभी राहिली, पण माशांच्या घराचे काय, हा प्रश्न लोकांपुढे उभा राहिला.

तेव्हा वाटाडे, संशोधक, स्थानिक संस्था आणि शाळेतील मुले यांनी कांदळाची रोपे लावण्यास आरंभ केला. एक लक्ष रोपे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि त्याची लांबट शेंगेसारखी रोपे तयार होऊन खाली पडतात. ती गोळा करावयाची, रोपवाटिकेत जोपासावयाची आणि होडीने नेऊन गुडघाभर चिखलात एक एक करून रोवावयाची, हे काम दिसते तितके सोपे नाही. आज लावलेल्या रोपाची दाट झाडी होण्यास पुष्कळ वर्षे लागतील. लावणाऱ्यांपैकी कित्येकांना तिच्या मुळांतून फिरणारे मासे पाहावयासही मिळणार नाहीत. तरीही ते रोपे लावीत राहिले.

बहामा आपल्यापासून फार दूर आहे. परंतु कांदळ काही दूर नाही. त्याच कुळातील झाडे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत, रायगडाच्या किनाऱ्यावर, इतकेच काय, मुंबईसारख्या गजबजलेल्या शहराच्या काठावरही वाढतात. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली त्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. आपल्या खाडीत बोनफिशसाठी कोणी परदेशाहून येत नाही. पण कोळंबी, खेकडे आणि बोय यांची पिले याच मुळांच्या आश्रयाने वाढतात आणि त्यांवर कित्येक कोळ्यांची चूल पेटते.

माशाला दोरीने बांधून ठेवता येत नाही, हे बहामाच्या वाटाड्यांना ठाऊक आहे. त्याला भरतीबरोबर आपल्या दारी परत यावेसे वाटेल असे पाणी, अशी वाळू आणि अशी झाडे राखणे, एवढेच माणसाच्या हाती असते. पुढच्या वेळी तुम्ही एखाद्या खाडीच्या पुलावरून जाल, तेव्हा ओहोटीच्या चिखलात उभी असलेली ती कमानी मुळांची झाडे नीट पाहा. ती नुसती चिखलात उगवलेली झुडपे नाहीत. येणाऱ्या भरतीची ती वाट पाहत असतात.